ओत्मार पेखच्या गॅसचा चोर

ईस्टरच्या सोमवारी, भर जेवणात, ओत्मार पेखनं आपल्या मेहुण्याला चोर ठरवलं. ‘चोर’ हा शब्द मी वापरलाच नाही, असं तो नंतर बरेच दिवस सगळ्यांना सांगत राहिला. ते खरंही होतं. पण जे बोलला ते त्याहून वाईट होतं. हॅमची ताटली पुढं सरकवत तो म्हणाला, “सिलिंडरला काही पाय फुटत नाहीत. आणि तळघराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात आहे.”

दुसरी कुणाच्या खिशात आहे, हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांचे काटे-चमचे थांबले.

मेतोदनं, म्हणजे त्या मेहुण्यानं, मिशी पुसली. रुमालाची घडी घातली, ताटाशेजारी ठेवली आणि उठला. मोठ्यानं बोलायची त्याला सवयच नव्हती. “जावईबापू, ज्यांच्यादेखत बोललास त्यांच्यादेखत माफी मागशील, त्या दिवशी हा उंबरा ओलांडीन. तोवर नाही.” मग भाचीकडं वळून म्हणाला, “राद्का, पोरी, लग्नात बोलायला दुसरा कुणीतरी बघ.”

आणि गेला. राद्का तिथंच रडायला लागली.

आता या रडण्यामागचं कारण सांगायला हवं. स्कालित्से गावात नवरी घरातून चर्चला निघण्याआधी तिच्या वतीनं घराण्यातला एक वडीलधारा आईबापांसमोर उभा राहतो आणि माफी मागतो. लहानपणापासून ही तुम्हाला जे जे उलट बोलली असेल, ज्या ज्या रात्री तुमची झोप मोडली असेल, त्या सगळ्याची माफी. मग नवरी गुडघे टेकते, आईबाप डोक्यावर हात ठेवतात, बायका रडून घेतात आणि वरात निघते. त्या बोलण्याचे शब्द ठरलेले असतात आणि ओत्मारच्या बायकोच्या, ब्लाझेनाच्या, माहेरच्या घराण्यात ते एकट्या मेतोदला येत होते. घराण्यातल्या एकूणएक पोरी त्याच्या शब्दांवर घराबाहेर पडल्या होत्या. राद्का सहा वर्षांची असल्यापासून मामाच्या तोंडून आपली माफी ऐकायची वाट बघत होती. वीत नावाच्या मुलाशी तिचं लग्न जूनमध्ये होतं. मे महिना तिकडं लग्नाला अशुभ मानतात, त्यात कुणी शहाणा माणूस लग्न करत नाही.

आणि हे सगळं बिघडलं कशावरून? तर बिअरमध्ये सोडायच्या गॅसवरून.

ओत्मार मूळचा पिल्झेनचा, चेक देशातल्या बिअरच्या शहराचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी, बदली होऊन मोराव्हियाच्या या टोकाला आला, ब्लाझेनाच्या प्रेमात पडला आणि राहिला. झाली त्याला तीस वर्षं. स्कालित्से हे वाइनचं गाव. ज्याला अंगण आहे त्याला द्राक्षमळा आहे आणि ज्याला मळा नाही त्याला निदान त्याबद्दल मतं तरी आहेत. अशा गावात हा माणूस घरामागच्या धुण्याच्या खोलीत मोठ्या पातेल्यात बिअरसाठी मोड आणलेल्या सातूचं माल्ट शिजवत बसायचा. गावानं त्याचं नावच पाडलं, ‘पिल्झेनकर’. “काय पिल्झेनकर, आज काय गाईंचं आंबोण शिजवताय का?” असं कुंपणावरून विचारल्याशिवाय कुणाचा दिवस जात नसे. ओत्मार हसायचा, पण आतून त्याला ते लागायचं. तीस वर्षं लागत होतं.

तोवर बिअर तो बाटल्यांत भरायचा. लेकीच्या लग्नात मात्र ती नळातून ओतायची, वर तीन बोटं दाट फेस, आणि तो फेस गावातल्या प्रत्येक वाइनवाल्याच्या मिशीला लागलेला बघायचा, हे त्याच्या मनानं घेतलं. त्यासाठी फेब्रुवारीत जिल्ह्याच्या गावी जाऊन त्यानं सगळा सरंजाम आणला. स्टीलचं पिंप, वर लंबगोल झाकण, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्यावर बसवायचा दोन काट्यांचा रेग्युलेटर, रबरी नळ्या, पितळी नळ. दुकानदार सिलिंडर कसा वापरायचा ते समजावत होता, “काट्यावर जाऊ नका हो, वजन करत जा,” असं काहीतरी सांगत होता. ओत्मारचं लक्ष पितळी नळाकडं होतं.

सगळं त्यानं तळघरात मांडलं, कारण गार जागा तीच. टेकडीच्या मातीत खोदलेलं सासऱ्याचं जुनं तळघर. सासरा गेल्यावर त्याचे दोन भाग झाले, दाराकडचा ब्लाझेनाचा आणि आतला मेतोदचा. मध्ये लाकडी फळ्यांचं जाळीचं दार, त्याला कुलूप नाही, पलीकडं चार पायऱ्या उतरून मेतोदची पिंपं. म्हणजे मेतोदला आपल्या वाइनपर्यंत जायचं तर ओत्मारच्या सिलिंडरवरूनच जावं लागे.

पहिला सिलिंडर मार्चमध्ये संपला. दुसरा ईस्टरच्या आदल्या दिवशी. आणि संपायची तऱ्हा अशी, की कुणालाही संशय यावा. सिलिंडरमधला दाब दाखवणारा मोठा काटा आठवडेच्या आठवडे जागचा हलला नाही. ओत्मार रोज सकाळी जाऊन बघायचा, काटा तिथंच. आणि एका सकाळी बघतो तर शून्यावर! पिंपातली बिअर मचूळ, फेसाचा पत्ता नाही. रात्रीतून कुणीतरी वाल्व्ह उघडून गॅस सोडून दिल्याशिवाय असं होईल का? सिग्नलच्या माणसाला एवढं कळत होतं, की काटा आपोआप पडत नसतो.

ईस्टरनंतर ब्लाझेनानं तीन दिवस त्याच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “गळत असेल कुठंतरी. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा वायसर जातो, तसं.”

“मी तपासलं नसेल असं वाटतं तुला?”

“तपासलंस?”

तपासलं नव्हतं. म्हणून त्यानं सिलिंडर पुन्हा भरून आणला, सगळा पसारा वर अंगणात काढला, उन्हात नीट मांडला आणि भोक लपून राहायला नको म्हणून दाब चांगला वर चढवला. वाडग्यात साबणाचं पाणी केलं. ब्रश सापडेना, तेव्हा ब्लाझेनाचा हंसाच्या पिसांचा कुंचला घेतला. त्या कुंचल्यानं ती पावांना लोणी लावायची.

“अरे देवा! माझा कुंचला! राद्काच्या लग्नाच्या पावांना आता साबण लावू का?” ब्लाझेना खिडकीतून ओरडली.

“नवीन करून देतो! आधी बाहेर या दोघी!”

मायलेकी बाहेर आल्या. ओत्मारनं प्रत्येक सांधा, प्रत्येक नट, नळीची दोन्ही टोकं, पिंपाचं झाकण, सगळीकडं फेस फासला. कुठंही एक बुडबुडा फुगला नाही. तो मागं सरून उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून ब्लाझेनाला त्याची कीव आली. गळती नाही याचा त्याला आनंद झाला होता. मेतोद चोर असल्याचा पुरावा मिळाला म्हणून.

राद्का हाताची घडी घालून उभी होती. ती वळणानं मामावर गेली होती, तीही आवाज चढवत नसे. “बाबा, माझं ऐक. लग्नाच्या दिवसाआधी एक तर मामाला रंगेहाथ पकड, नाहीतर त्याची माफी माग. दोन्हीतलं काहीच जमलं नाही तर मी आणि वीत जाऊन नगरपालिकेत सही करून लग्न उरकतो. तुझी बिअर मग तूच पी, एकट्यानं.”

“पकडतो,” ओत्मार म्हणाला.

“बघ हं.”

मे महिना नव्या बिअरच्या तयारीत गेला. जूनच्या सुरुवातीला ती पिंपात भरून ओत्मारनं खाली तळघरात नेली, भरून आणलेला सिलिंडर जोडला, दाब उतरवून नेहमीसारखा हलका ठेवला, कारण बिअरला जास्त दाब दिला तर नळातून नुसता फेस येतो. आणि वाट बघू लागला.

लग्नाच्या आठवड्यात ब्लाझेना भावाकडून निरोप घेऊन आली. “दादा म्हणतो, तळघराची हवा वाईट झालीय. त्याची मेणबत्ती फडफडते. दार उघडं ठेव म्हणाला.”

इथं सांगितलं पाहिजे, की मेतोद तळघरात नेहमी पेटती मेणबत्ती घेऊन उतरायचा. वाइनवाले सगळेच उतरतात, पण शरद ऋतूत, रस आंबत असताना. मेतोद बारा महिने. त्याच्या बापानं तसं लावून दिलं होतं. ओत्मार त्याला दरवर्षी चिडवायचा, “मेतोद, गावात वीज आलीय रे, कुणी सांगितलं नाही का तुला?” आणि दिव्याचं बटण दाबून दाखवायचा.

“हवा वाईट?” ओत्मार बायकोला म्हणाला. “त्याच्या वाइनचा वास सुटला असेल. दार उघडं ठेव म्हणे! म्हणजे चोराला किल्लीसुद्धा लागायला नको.”

“तू ना, ओत्मार, कधीतरी स्वतःच्या तोंडानं मरशील.” ब्लाझेनाला राग आवरेना. रागाच्या भरात तिच्या तोंडून आणखी एक गोष्ट निसटली. “तो उद्या दुपारी येणार आहे, लग्नाची वाइन काढायला. लग्नाला येणार नाही म्हणाला तरी भाचीला वाइन देतोय. आणि तू त्याला चोर म्हणतोस.”

ओत्मारनं एवढंच ऐकलं, उद्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून तो तळघरात गेला. आतून दार ओढून घेतलं, दिवा मालवला. कुठं लपायचं हे त्यानं आधीच ठरवलं होतं. मेतोदच्या भागात, पायऱ्यांच्या खाली, मोठ्या पिंपामागं. तिथून जाळीच्या दारातून वरचा सिलिंडर दिसायचा. बादली पालथी घालून बसला तर डोकं पिंपाच्या वर येई, म्हणून सरळ जमिनीवर पोतं टाकलं आणि त्यावर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. एकसष्टाव्या वर्षी त्याला स्वतःचंच हसू आलं. मग राग आला, या वयात आपल्याला असं बसायला लावलं म्हणून.

राग चांगलाच चढला होता. छाती धडधडत होती, धाप लागत होती. कानशिलं ठणकत होती. इतका राग बरा नव्हे, असं त्याला वाटलं. काय काय बोलायचं ते तो मनात जुळवू लागला. ‘काय मेतोद, मेणबत्तीच्या उजेडात दिसतो का वाल्व्ह?’ हे चांगलं होतं. ते तो विसरला आणि पुन्हा जुळवू लागला.

मधेच त्याला वाटणीचा दिवस आठवला. आतला भाग ओला, अंधारा, पायऱ्यांचा. तो आपल्याच पदरात पडणार, असं ओत्मारनं धरून ठेवलं होतं. तेव्हा मेतोद म्हणाला होता, “पुढचा भाग यांना द्या. पिल्झेनकर उंच आहे, खाली उतरताना डोकं फोडून घेईल.” सगळे हसले होते. ओत्मारला ते तेव्हाही लागलं होतं. आता पोत्यावर बसल्या बसल्या त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं, की त्या दिवशी मेतोदनं चांगला भाग सोडून दिला होता. हा विचार त्याला पुढं न्यायचा होता, पण डोळे मिटायला लागले. पोतं मऊ होतं. जरा पडावं, असं त्याला वाटलं.

मेतोद आला तेव्हा दार वाजलं, ते ओत्मारनं ऐकलं नाही. मेतोद हातातली मेणबत्ती पुढं धरून सिलिंडरवरून गेला, त्याच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. पायऱ्यांशी येऊन वाकला आणि बापानं शिकवल्याप्रमाणं मेणबत्ती हळूहळू खाली नेली. कमरेशी ज्योत बारीक झाली. गुडघ्याशी विझली.

“येशू-मारिया,” मेतोद म्हणाला आणि मागं फिरला. वीज गावात आलेली होती, म्हणून दिवा लावला. तेव्हा पिंपामागून बाहेर आलेले दोन बूट त्याला दिसले. ते बूट तो तीस वर्षं ओळखत होता.

पुढचं ओत्मारनं नंतर ऐकलं. मेतोद पळत बाहेर गेला, छाती भरून हवा घेतली, श्वास कोंडून आत शिरला, पायऱ्या उतरला आणि मेहुण्याला कॉलरला धरून ओढत वर आणला. अडुसष्ट वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस. जाळीच्या दाराशी त्याचा श्वास सुटला आणि तो तिथंच कोसळायचा, पण कोसळला नाही.

ओत्मारनं डोळे उघडले तेव्हा तो बाहेर गवतावर होता. त्याला भडाभडा ओकारी झाली. शेजारी मेतोद बसला होता, तोंड काळंनिळं, धापा टाकत. त्याच्या मुठीत अजून ओत्मारची कॉलर होती.

बऱ्याच वेळानं मेतोदनं विचारलं, “तिथं काय करत होतास?”

खोटं सुचण्याइतकं ओत्मारचं डोकं जागेवर नव्हतं. “तुला पकडायला बसलो होतो.”

मेतोदनं आपल्या मुठीकडं बघितलं. “मग? पकडलंस?”

मूठ सोडून तो उठला, मेणबत्ती पुन्हा पेटवली आणि तळघराच्या दारातून जाळीपर्यंत जाऊन लांबूनच हात खाली नेला. ज्योत विझली. “हा बघ तुझा चोर. माझ्या भागात येऊन झोपलाय. कालच निरोप धाडला होता मी ब्लाझेनाबरोबर.”

गॅस गळून खाली साठला होता, हे ओत्मारला आता कळलं. गॅस हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागा धरून बसतो, त्याला वास नसतो, हे सगळं त्याला माहीत होतं. नाकानं ओळखता येत नाही, हेही माहीत होतं. त्याला भयंकर लाज वाटली आणि त्या लाजेखाली आणखी काहीतरी होतं. त्याला जिवाची भीती वाटत होती आणि कुणीतरी जवळ बसून राहावं असं वाटत होतं. मेतोद बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर दारं सताड उघडी ठेवून हवा खेळवल्यावर, दोघं खाली उतरले. आधी मेणबत्ती, मागून माणसं. या वेळी ओत्मारनं काही हलवलं नाही. पिंप तिथंच, त्याच गारठ्यात, त्याच हलक्या दाबावर. फक्त आदल्या दिवशी बंद केलेला सिलिंडरचा वाल्व्ह पुन्हा उघडला आणि साबणाचं पाणी लावलं. नट कोरडे. नळ्या कोरड्या. झाकणाच्या कडेला लावल्याबरोबर बुडबुडे वर आले, एकामागून एक, थांबेचनात.

“हं,” मेतोद म्हणाला. “आणि अंगणात?”

“अंगणात दाब चढवला होता. दाब जास्त असला की आतून झाकण घट्ट दाबलं जातं, त्याच्या कडेचं रबर बसतं. वर ऊनही होतं, रबर मऊ पडलेलं. इथं गारठ्यात ते ताठ होतं आणि दाब कमी, की सैल पडतं.”

“म्हणजे लोकांसमोर शहाण्यासारखं, आणि एकटं असलं की गळतं.”

ओत्मारला हसू आलं नाही. “आणि काटाही खोटा नव्हता. आतला गॅस द्रव होऊन साठलेला असतो. त्याचा शेवटचा थेंब उरेपर्यंत काटा हलतच नाही. मग एकदम पडतो. दुकानदार म्हणाला होता, वजन करा. मी ऐकलं नाही.”

त्यानं नवं रबर बसवलं, त्याला पातळ ग्रीस लावलं, झाकण लावून आधी दाब चढवून ते चांगलं बसू दिलं आणि मग दाब उतरवला. पुन्हा साबण. बुडबुडा नाही. काम संपलं आणि आता बोलायला हवं होतं. मेतोद वाट बघत होता, हे ओत्मारला पाठीत जाणवत होतं. त्याचे ओठ हलले. “कॉफी घेशील?” तो म्हणाला.

“घरात?” मेतोदनं विचारलं. “उंबरा ओलांडून?”

ओत्मार झाकणाची कडा फडक्यानं पुसत राहिला. मेतोदनं आपली मेणबत्ती उचलली आणि गेला.

त्या संध्याकाळी ओत्मारनं राद्काला घडलं ते सगळं सांगितलं, पोत्यापासून कॉलरपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. “माफी मागितलीस?”

“तोंडातून निघेना.”

राद्का उठली आणि मामाकडं गेली. तिचं काय बोलणं झालं ते तिनं घरी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी घर माणसांनी भरलं. ईस्टरला टेबलावर असलेले झाडून सगळे आले होते. राद्का दिवाणखान्यात पांढऱ्या पोशाखात उभी होती, समोर खुर्च्यांवर ओत्मार आणि ब्लाझेना. बोलणाऱ्याची जागा रिकामी. बायका कुजबुजू लागल्या. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली आणि उघड्या दारात मेतोद दिसला. काळा कोट, छातीवर पांढऱ्या फितीत बांधलेली रोझमेरीची सुगंधी काडी, तिकडची लग्नातली खूण. तो उंबऱ्यापाशी आला आणि बाहेरच थांबला.

“आत ये की रे,” एक म्हातारी म्हणाली.

“इथूनही ऐकू जातं,” मेतोद म्हणाला आणि टोपी काढून बोलायला लागला. बाहेर उभा राहून, उन्हात. “आईबापांनो, आज तुमची लेक निघतेय. निघण्याआधी ती माझ्या तोंडून माफी मागतेय. तुमच्या टेबलावर तुमचं खाऊन ती रागानं काही बोलली असेल, तर माफ करा. तुमचं चांगलं तिला तेव्हा दिसलं नसेल आणि उशिरा दिसलं असेल, तर माफ करा. तुम्ही हाक मारलीत आणि तिनं...”

शब्द शंभर वर्षांपासूनचे होते. ओत्मारनं ते किती लग्नांत ऐकले होते आणि प्रत्येक वेळी तेव्हा जेवणाचा विचार केला होता. आता त्याला बसवेना. तो उठला. ब्लाझेनानं त्याची बाही धरली, ती सोडवून तो दिवाणखाना ओलांडून दारापाशी गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “मेतोद, मी तुला चोर म्हणालो. तू काही घेतलं नव्हतंस. वर तू माझा जीव वाचवलास. मला माफ कर.”

आवाज फुटला होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. मागं राद्का रडायला लागली, आणि तिला कुणी थांबवलं नाही.

मेतोद त्याच्याकडं बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, “मधे बोलतोस काय रे, पिल्झेनकर? माझं भाषण विसरलो ना मी.”

त्यानं उंबरा ओलांडला, भाचीशेजारी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, ओत्मार खुर्चीवर बसेपर्यंत थांबला, आणि पहिल्यापासून सुरू केलं.